पुन्हा न येणारं गिऱ्हाईक

बाय गेल्याची बातमी तलासरीला माझ्या शाळेत एस.टी.च्या कंडक्टरने आणली. चौथीला अपूर्णांक चालले होते. तो दारात उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "मास्तर, चिखल्याहून निरोप आहे. तुमची बहीण..." फळ्यावर अर्धवट राहिलेलं उदाहरण मी पूर्ण सोडवलं, मुलांना उतरवून घ्यायला सांगितलं आणि मग वर्गाबाहेर आलो. याला कोणी दगडाच्या काळजाचा म्हणेल, म्हणू दे. हात रिकामे राहिले की माझं काय होतं ते मला फार चांगलं ठाऊक होतं, आणि ते जिने थांबवलं तीच आता नव्हती. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्याला आता सात आठवडे होतील.

जमनाबाय माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आम्ही डहाणूच्या खाडीकाठचे, मासेमारीवर जगणारे. तिला चिखल्याला दिली, नथू तांडेलांना. तांडेल म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. माझे भावोजी कमी बोलणारे आणि बाय दोघांचं मिळून बोलणारी. आठ महिने ती डहाणूच्या बाजारात ओली मासळी विकायची आणि पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन आत गंजाड, कासा, तलासरीकडे पाडापाड्यांतून फिरायची. अक्षरओळख नव्हती. पण कुठल्या घरात काय शिजतंय आणि काय नासलंय हे तिला उंबऱ्यावरूनच कळे. आमच्या कुळात शिकून नोकरीला लागलेला पहिला मी. बाजारात ती माझं नाव घेत नसे, "आमचा मास्तर" म्हणे, आणि असं म्हणे की समोरच्याने जादा भाव द्यावा.

हा मास्तर दारू प्यायला लागला. लोक कारण विचारतात म्हणून सांगतो, कारण काही नव्हतं. प्रेमभंग नाही, दुःख नाही, कुणाची वाईट संगतही नाही. तलासरीला एकटा राहत होतो, संध्याकाळ लांब वाटे. सुरुवातीला ताडी, मग मोहाची. दारूबंदी होती, पण ती कागदावर. पाड्यावर कुणाच्या घरामागे काय उकळतंय हे पोलिसांनाही ठाऊक होतं आणि मास्तरांनाही. तीन-चार वर्षांत मी इतका पुढे गेलो की एकदा हजेरी घेताना तिसऱ्या नावावरच झोपलो. मुलं शहाणी, त्यांनी आवाज न करता पाढे लिहिले. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, "पुन्हा दिसलात तर वर लेखी कळवणार. नोकरी जाईल ती जाईल, दारूबंदीचा खटलाही होईल." हे बायच्या कानावर गेलं. ती दुसऱ्याच दिवशी तलासरीला आली, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "सोडवतात ना ही? मंग कुठं सोडवतात?"

हा प्रश्न आज सोपा वाटेल. तेव्हा राज्य मुंबईचं होतं, मोठं होतं, आणि त्यात दारू सोडवणारी ठिकाणं कोणती, कुठली बरी, कुठली नाही, हे सांगणारा कागद कुठेच मिळत नव्हता. बायने आपल्या पद्धतीने चौकशी केली. दवाखान्यातला कंपाउंडर, एस.टी.चे ड्रायव्हर, नर्सबाई, माहेरपणाला आलेल्या बायका... महिन्याभरात तिच्याकडे चार ठिकाणं जमली. मी म्हणालो, यातल्या जवळच्या ठिकाणी जातो. ती म्हणाली, "कल्ला उघडून न बघता मासळी घेतो का कोन?" आणि एकटीच बघायला निघाली.

पहिलं ठिकाण वलसाडच्या बाजूला, एका वैद्यांचं. तिथे ती खाटेखाटेवरून फिरली आणि प्रत्येकाला विचारलं, कितव्यांदा आलात? कुणी सांगितलं तिसऱ्यांदा, कुणी चौथ्यांदा. एक म्हातारा तर हसून म्हणाला, "पांचमी वार, बेन!" बाय खूश होऊन परत आली. उरलेली तीन ठिकाणं बघायची गरजच तिला वाटली नाही. "पुन्ना पुन्ना येतात म्हंजे माल चांगला हाय," असं तिने मला ठणकावून सांगितलं. आयुष्यभर मासळी विकलेल्या बाईचा हिशेब होता तो. ज्या पाटीवर तेच गिऱ्हाईक परत येतं ती पाटी खरी. माझ्यासारख्या शिकलेल्यालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही, ही माझ्या शिक्षणाची लायकी.

मला घेऊन ती तिथे गेली आणि वैद्यांच्या कारकुनाने नाव विचारलं तेव्हा बाय एक क्षण थांबली. डहाणू-उंबरगावची माणसं तिथे येत-जात होती. मास्तरचं नाव लिहिलं असतं तर आठ दिवसांत शाळेत पोचलं असतं. तिने सांगितलं, "माझा घरवाला. नथू तांडेल, चिखले." मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. भावोजींनी जन्मात ताडीचा थेंब घेतलेला नव्हता. शाळेत काविळीची रजा टाकून मी तिथे एकवीस दिवस कडू काढे प्यायलो, मुगाचं पाणी प्यायलो आणि नथूभाई म्हणून हाकेला ओ दिली. परत आलो तो दोन महिने चांगला राहिलो. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा दर्यात गेल्या, सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला, आणि पुढचे सहा दिवस मला आठवत नाहीत. बायने मला धरून पुन्हा वलसाडला नेलं. वैद्य दारातच हसतमुखाने सामोरे आले, "आवो नथूभाई, तमारो खाटलो तैयार छे!"

बाय तिथेच वळली. परतीच्या वाटेवर संजाण येईपर्यंत ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग म्हणाली, "दामू, मी चुकले रे. हा धंदा उलटा हाय. इथं पुन्ना येनारा गिऱ्हाईक म्हंजे सडका माल." पुढे राज्य फुटलं आणि ते ठिकाण गुजरातेत गेलं, तेव्हा ती म्हणाली होती, "बरा झाला. आता बोलावतील तरी मधी सरहद्द हाय."

मग तिने उरलेली तीन ठिकाणं बघितली. एका मोठ्या शहरातल्या सरकारी इस्पितळात दारूवाल्यांना वेड्यांबरोबर ठेवत; ती फाटकावरूनच परत आली. मुंबईत एका डॉक्टरांकडे गोळी देत, ती घेऊन दारू प्यायली तर माणूस ओकून अर्धमेला होई. डॉक्टर गोड बोलणारे, फरशी लख्ख. बायने झाडूवाल्या बाईला विचारलं, इथून गेलेल्यांचं पुढे काय होतं? ती म्हणाली, गोळी बंद करतात आणि पितात, घरी कोण बघतं! चौथं ठिकाण नाशिकच्या बाजूला, घाट चढून गेल्यावर. एक निवृत्त डॉक्टर आणि त्यांची बायको, डझनभर खाटा, दाराला कुलूप नाही, स्वयंपाक रोग्यांनीच करायचा. बायने विचारलं, पुन्हा आलेले किती? डॉक्टर म्हणाले, सध्या एक. बायने लगेच विचारलं, "बाकीचे येत नाय ते सुधरले का मेले, ते कसा कळल?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी वही काढली आणि आपल्याबद्दल सांगायला ज्यांची हरकत नव्हती अशा आमच्या बाजूच्या तिघांचे पत्ते तिला दिले.

पुढच्या पावसाळ्यात बायने बोंबलांची पाटी उचलली आणि तिन्ही घरं गाठली. आपण कशासाठी आलो हे कुठेच सांगितलं नाही. पाटी उतरवायची, भाव करायचा आणि प्यायला पाणी मागायचं. कासाला पाणी पितळेच्या तांब्यातून आलं. पिणाऱ्याच्या घरातलं पितळ सगळ्यांत आधी बाहेर जातं, तेव्हा ते घर ठीक होतं. तलासरीजवळच्या पाड्यावर मात्र पाणी भोपळ्याच्या तुंब्यातून मिळालं. त्या घरात पितळ कधी नव्हतंच, त्यावरून काय ओळखणार? बायने नुसतं विचारलं, घरधनी कुठे? बाई भात निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "वरच्या शेतान गेलाय, बांध घालाला." बायला तेवढं पुरलं. नवरा या घटकेला कुठे आहे हे ज्या बाईला न थांबता सांगता येतं, त्या घरात दारू नाही, असं ती पुढे कायम म्हणायची. वाणगावच्या तिसऱ्या घरात हाच प्रश्न विचारल्यावर बाई आधी दाराकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, येतील. "तिनात दोन," बायने मला सांगितलं. "याच्यापरीस बरा माल मिलायचा नाय. चल."

मी बिनपगारी रजा टाकून त्या घाटावर अडीच महिने राहिलो, तेही नथू म्हणून. पहिले चार दिवस काय झालं ते लिहीत नाही. नंतर लाकडं फोडली, नागलीच्या भाकऱ्या थापायला शिकलो, त्या अजूनही बऱ्या थापतो. चमत्कार काही नाही, एक दिवस गेला, मग दुसरा गेला. डॉक्टर घरी गेलेल्या प्रत्येकाला दर महिन्याला पोस्टकार्ड टाकत. माझी कार्डं अर्थात चिखल्याला जात, नथू तांडेलांच्या नावे. घरात वाचणारं कोणी नाही म्हणून पोस्टमनच ती वाचून दाखवी, बंदरावर, जाळी सुकत असताना, चारचौघांत. "प्रिय नथू, दारूची आठवण येते का? आली तर लाजू नका..." भावोजी मान हलवून ऐकून घेत. मी घाटावर होतो तेवढे महिने बायने त्यांना मुद्दाम मुंबईकडे दुसऱ्याच्या होडीवर धाडलं होतं, त्यामुळे गावाला ते पटलंही. दोन खलाशी त्यांची होडी सोडून गेले. प्यायलेल्याच्या हाती सुकाणू नको म्हणाले. भावोजी एवढंच म्हणाले, "दर्याला ठावं हाय कोन पिलेला हाय तो."

आणि मी? मी तलासरीला मास्तरकी करत होतो. बाजारात लोक मला थांबवून सांगत, तुमच्या मेव्हण्यांची सुटली म्हणे, बरं झालं. मी "हो" म्हणत असे. एकदा बायला म्हणालो, आता खरं सांगून टाकू या. ती उसळली. "तुझी नोकरी सरकारी. एक कागुद आला का गेली. होडीला कागुद लागत नाय. गप रहा." मी गप्प राहिलो. मला ते सोयीचं होतं, हे आज लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. आठ वर्षं मी गप्प राहिलो.

त्या आठ वर्षांत कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा हाताबाहेर गेला की बायका चिखल्याला बायला शोधत यायच्या. ती चारही ठिकाणं त्यांना मासळीच्या जातींसारखी समजावून सांगायची. ज्यांचा विश्वास बसत नसे त्यांच्यापुढे ती भावोजींना बसवी. आणि हे माझे भावोजी, जन्मात न प्यायलेले, गंभीर चेहरा करून सांगत, "पैले चार दिवस जड जातात. मंग सुटते." बायने त्यांच्याकडून ते पाठ करून घेतलं होतं.

गेल्या पंधरवड्यात मी चिखल्याला होतो. सकाळी गंजाडची एक बाई आली. बाय गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. ऐकून ती ओट्याखालीच बसली, तिला रडावं की विचारावं ते कळेना. शेवटी भावोजींना म्हणाली, "तुमची सुटलीय ना? मंग तुमीच सांगा." भावोजी जाळं विणत होते. त्यांनी सुई बाजूला ठेवली, नेहमीचा गंभीर चेहरा केला आणि सुरुवात केली, "पैले चार दिवस..." पुढे त्यांना येईना. शेजारी बाय नव्हती.

मी म्हणालो, "भावोजी, थांबा. बाई, हे कधी प्यायले नाहीत. पिणारा मी. तिथे राहून आलो तो मी. शाळामास्तर आहे मी, तलासरीला."

बाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तिने फक्त एवढंच विचारलं, "पुन्ना गेले व्हते का तिथं?" नाही म्हणालो. "मंग घराला येऊन माझ्या पोराला सांगाल?" पुढच्या रविवारी मी गंजाडला गेलो. तिचा मुलगा आता घाटावर आहे, स्वतःच्या नावाने. हेडमास्तर बदललेत, नवे हे वाचतील, त्यांनी काय करायचं ते करावं.

त्या दिवशी ती गंजाडची बाई घरी परतल्यावर मी भावोजींचे पाय धरायला वाकलो तर ते चिडले. मग जरा वेळाने, जाळ्याकडे बघत म्हणाले, "आता नीरा प्यायला हरकत नाय ना?" मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. नीरा, म्हणजे ताडीच्याच झाडाचा न आंबलेला गोड रस, त्यांना फार आवडायची. थंडीत बाय डहाणूला बाजाराला गेली की येताना स्टेशनजवळच्या केंद्रातून त्यांच्यासाठी तांब्या भरून आणायची. डॉक्टरांची पोस्टकार्डं यायला लागल्यावर त्यांनी ती बंद केली. लोक बघतात, म्हणतील, नथूने पुन्हा सुरू केली... आणि मग त्या घाटावरच्या डॉक्टरवर कोणाचा विश्वास बसला असता? आठ हिवाळे त्यांनी नीरा प्यायली नव्हती. मला बायने हे कधी सांगितलं नाही. तिथे ओट्यावर बसून मी रडलो, बाय गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने आम्ही दोघे डहाणूला गेलो. केंद्राबाहेर ओळखीची माणसं होती, बाजाराच्या बायका होत्या. विकणाऱ्याने भावोजींकडे पाहिलं आणि तो जरा घुटमळला. मी म्हणालो, "द्या त्यांना. ते कधीच पीत नव्हते, पिणारा मी होतो." तो माझ्यासाठीही ग्लास भरायला लागला, मी नको म्हणालो. भावोजींनी ग्लास एका दमात संपवला, मिशा पुसल्या आणि दुसरा मागितला. मोठ्याने मागितला.