आबांच्या कृत्तिका आणि नियम क्रमांक चौदा

कोजागिरीच्या रात्री दहा वाजता डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एकतीस माणसं, अठरा लिटर दूध आणि वर आकाशात अकरा तारे होते. मी मोजले.

दूध सगळ्यांसाठी होतं, तारे फक्त आबांसाठी. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं ठाण्याच्या खाडीत होडी चालवली, तीही रात्री ताऱ्यांवर वेळ ओळखून. आता काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वर्षाचं सांगत नाही." आबांची मागणी एकच होती : शरदात पूर्वेला उगवणारा कृत्तिकांचा सहा ताऱ्यांचा घोस एकदा बघायचा.

गच्ची वर्षातून एकदाच उघडते, कोजागिरीला. म्हणून आबांना बावीस पायऱ्या चढवल्या (लिफ्ट सातव्या मजल्यावर संपते), पूर्वेकडे खुर्ची मांडली.

"तिकडे बघा, आबा!"

"तिकडे चंद्र आहे."

"त्याच्या जरा खाली..."

"अरे, पौर्णिमेला तारे बघायला कोण आणतो? भरतीत खडक बुडालेले असताना कालवं काढायला निघालास तू!"

त्यात डोक्यावर फोकस! सेक्रेटरी पाटकरांना म्हटलं, "दहा मिनिटं बंद करा ना."

"अहो, अंताक्षरी चाललीय! आणि फोकसचा ठराव तुमचाच ना?"

माझाच होता.

मग मी हिशेब केला. सर्वांत जास्त अंधार अमावास्येला. म्हणजे लक्ष्मीपूजन! खजिनदार म्हणून माझ्याकडे दुसरी किल्ली होती. पाटकरांना न विचारता गच्ची उघडली, आबांना पुन्हा वर आणलं. मानपाड्याच्या बाजूने फटाक्यांचा असा धूर आला की समोरची इमारत दिसेना. तारे : शून्य.

"मधल्या चौदा रात्री काय वाईट होत्या?" बायकोने खोकत विचारलं.

आबा मात्र बराच वेळ बघत राहिले. मग बोट वर केलं. "दिसल्या रे. सहाच्या सहा."

मी बोटाच्या रेषेत पाहिलं. तिथे पाण्याची टाकी होती.

"हो आबा," मी म्हटलं. "छान दिसतायत."

विनापरवाना गच्ची उघडल्याचा दंड पाचशे रुपये. मी तो खजिनदाराकडे, म्हणजे माझ्याकडेच भरला आणि पावतीवर सहीही केली. नियम क्रमांक चौदा चार वर्षांपूर्वी मीच लिहिलाय, सुवाच्य अक्षरात : "तारे बघण्याच्या सबबीवर कोणीही गच्चीवर जाऊ नये."