एअर मार्शल काका आणि गावाने दिलेली खुर्ची

आमच्या गावाने एका माणसाला शाली पांघरून पांघरून एकटं पाडलं.

आज काकांना जाऊन वर्ष झालं.

तुम्ही त्यांना फ्लेक्सवर पाहिलं असेल. मोशी सोडून चाकण रोडला लागलं की आमच्या गावची कमान लागते, तिथे. 'गावचे भूषण, एअर मार्शल' वगैरे वगैरे. मी त्यांची पुतणी, थोरल्या भावाची मुलगी.

काका आणि माझे बाबा लहानपणी एकाच बाजेवर झोपायचे. जत्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढाच्या धावपट्टीवर, दोघं मिळून गाडा जुंपायचे. एका बैलाला बाबा धरणार, दुसऱ्याला काका. माइकवर भिर्रर्रची आरोळी झाली की बैल सोडून बाजूला उडी.

मग काका खडकवासल्याला ट्रेनिंगला गेले आणि फायटर पायलट झाले.

एकदा विमान हवेतच बिघडलं. सीटसकट बाहेर पडावं लागलं. मणका दबला, उंची थोडी कमी झाली. त्यावर काकांचं म्हणणं, "बरं झालं. दादा थोरला असून माझ्यापेक्षा बुटका होता, बरं दिसत नव्हतं."

बरे झाले, परत उडले. पंजाब, आसाम, राजस्थान. पुढे अख्खा एअरबेस सांभाळला. शेवटी दिल्लीचं मोठं ऑफिस. "आता फायली उडवतो," म्हणायचे.

रिटायर झाल्यावर सगळ्यांनी सांगितलं, दिल्लीतच राहा, नाहीतर पुण्यात चांगल्या सोसायटीत फ्लॅट घ्या. काकू आधीच गेल्या होत्या, मुलगी परदेशात.

"मला माझ्या दादाजवळ राहायचंय. बास."

आमची बरीचशी जमीन कंपन्यांत गेलेली. उरलेल्या तुकड्यावर, आमच्या घराला लागूनच त्यांनी दोन खोल्या बांधल्या.

आणि गावाने सत्कार सुरू केले.

गणपती मंडळ. शाळेचं गॅदरिंग. जिमचं उद्घाटन. कुणाच्या तरी शोरूमची फीत. शाल, नारळ, फेटा. काका कुठेही निघाले की मागून एक जण टर्किश टॉवेल टाकलेली सोफ्याची खुर्ची घेऊन धावायचा. लग्नात पंगतीत बसले तर उठवून व्हीआयपी टेबलावर न्यायचे.

सकाळी टपरीवर चहाला जायचे. पोरं ताडकन उभी. "जय हिंद साहेब." मग सगळे चिडीचूप. काका कप ठेवून गेले की गप्पा परत चालू. मी तिथेच कंपनीच्या बसची वाट बघत उभी असायचे, रोज बघायचे.

"माझ्यासमोर कुणी शिवीसुद्धा देत नाही गं," एकदा मला म्हणाले. "घरी आल्यासारखं वाटणार कसं?"

आणि सगळ्यात कहर म्हणजे माझे बाबा. सख्खा भाऊ, पण तेही साहेबच म्हणायचे. काका ओट्यावर आले की बाजेवरून उठून उभे राहायचे.

मी जाम चिडायचे. "अहो बाबा, धाकटा भाऊ आहे तुमचा."

"अगं येवढा मोठा मानूस हाय. चारचौघांत बरं दिसतं का?"

"इथे कुठेत चारचौघं? आपण तिघंच तर आहोत."

बाबा ऐकतील तर शप्पथ.

शेवटच्या जत्रेआधी काकांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. "दादा, यंदा एक गाडा आपण दोघं जुंपू. मला स्टेजवर बसायचं नाही. आयुष्यभर वरूनच बघितलं सगळं."

बाबा नुसते हसले. हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत.

जत्रेच्या दिवशी काका स्टेजवरच होते. पुढाऱ्यांच्या मधोमध, फेटा बांधून. माइकवाला दर गाड्यामागे त्यांचंच कौतुक करत होता.

मधेच ते उठले. फेटा काढून खुर्चीवर ठेवला, पायऱ्या उतरले आणि धुळीतून खाली बैलांकडे चालायला लागले.

कमिटीची नुसती पळापळ. साहेबांना अडवणार कोण? मग बाबांना पुढे केलं.

मी बघत होते. काकांनी एका बैलाचा कासरा हातात घेतला होता. बाबांना येताना बघून त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्यांना वाटलं, दादा दुसरा बैल धरायला आला.

बाबांनी त्यांचा दंड धरला.

"चला साहेब. लोक बघत्यात. वर चला."

काकांनी कासरा सोडला. वर जाऊन बसले, फेटा परत घातला, पुढच्या गाड्याला टाळ्यासुद्धा वाजवल्या.

त्यानंतर टपरीवर जाणं बंद झालं. ओट्यावर येणंही कमी झालं. आणि एका सकाळी खोलीतच गेले, हार्ट अटॅकने.

हवाई दलाचे लोक आले. तिरंगा, बिगुल, सगळं अगदी शिस्तीत. बाबा गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे, गावकऱ्यांत उभे होते. अग्नी द्यायला बोलावलं तेव्हाच पुढे गेले.

परवा कमिटी घरी आली. चौकात काकांचा पुतळा बसवायचाय, आज वर्षश्राद्धाला भूमिपूजन. उंच चौथरा, लायटिंग, मागे छोटं विमान. मोबाइलवर डिझाइन दाखवलं. बाबांचा होकार हवा होता.

"तात्या," त्यातला एक जण बाबांना म्हणाला, "लई उंच घेतलाय चौथरा. पार हायवेवरनं दिसत्याल साहेब."

बाबांनी मोबाइल हातात घेतला, बोटाने चौथरा मोठा करून बघितला. मला वाटलं, रडतील. रडले नाहीत.

"नगं," म्हणाले. "खाली आला व्हता रं माझा भाऊ. मीच दंडाला धरून परत वर नेला त्याला."

कमिटी चहा न घेताच गेली.

काका, आज भूमिपूजन नाही. बाबा सकाळपासून ओट्यावर बसून आहेत.

तुमच्या दादाचा आणि माझा रामराम घ्या.