यमुताईंच्या पेटीतले सूर

हनोख अष्टमकर, म्हणजे आमचे हनोखकाका, सदर भागातल्या आमच्या गल्लीत पेट्या दुरुस्त करायचे. रेल्वेच्या नोकरीत कोकणातून इकडे आलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, आजोबांचे नातू. पेटी उघडली की एकच सूर दाबून तासभर बसायचे, आणि दुपारच्या उन्हात सगळी गल्ली त्या सुरावर पेंगत राहायची. समोर यमुताई रणभिसे, चर्चमध्ये भजनं म्हणणाऱ्या. संध्याकाळी त्या डोळे मिटून वारलेल्या वडिलांची पेटी वाजवत. "बाबाच बोलतात त्यातून," म्हणत. काका ओट्यावर बसून ऐकत.

दरवर्षी काकांचा दरफाळणीचा सण यायचा, दार लावून करायचा प्रायश्चित्ताचा उपास. त्याआधी ते घरोघर माफी मागत फिरत. मी म्हणायचे, काका, तुम्ही माझं काय घोडं मारलंय? यमुताईंच्या दारात मात्र वाद ठरलेला.

"येशूनं सगळ्याईचं पाप अंगावर घेतलं. मनापासून पस्तावा करा, त्याच्या पायाशी टाका, झालं. माहं काय काम त्यात?"

"देवाचा गुन्हा देव माफ करन. माणसाचा केला त माणसालेच विचारा लागते. देवाले तो अधिकारच नाही, यमुताई."

"देवाले अधिकार नाही? ऐका यांचं! जा, जे काही असन ते मी आधीच माफ केलं."

आणि काका मान खाली घालून परत जात. मला त्यांचा रागच यायचा. एवढं धर्माचं बोलतात, पण काय केलं ते काही सांगत नाहीत.

गेल्या वर्षी, संध्याकाळी उपास सुरू होणार त्या दुपारी, ते स्वतःची पेटी उचलून यमुताईंकडे आले. मी तिथंच डाळ निवडत बसले होते.

"तीस वर्षांआधी तुमची पेटी दुरुस्तीले आली होती," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "त्यातले जर्मन सूर, त्या पितळी पट्ट्या, मी काढून घेतले, तुमच्यात साधे टाकले. तुमच्या बाबाचे सूर ह्या पेटीत आहेत. आज परत लावून देतो. आमच्यात नुसता पस्तावा चालत नाही, घेतलं ते परत द्या लागते."

यमुताई भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "वाजवा."

काकांनी भाता हलवला. असा भरलेला, गोड सूर मी कधी ऐकला नव्हता. खोली जागची सुटून कुठंतरी वाहत चालल्यासारखं वाटलं. यमुताई डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी मान हलवली.

"हे बाबा नाहीत. बाबा माह्याच पेटीत हायेत. राहू द्या हे तुमच्याजवळ."

काका रडायलाच लागले. "मंग मी माफी मागू तरी कशाची?"

"मी रोज डोळे मिटून बाबा-बाबा करत होती, आन् तुमी माहीत असून समोर बसून ऐकून राहिले होते. त्याची मागा."

काकांनी हात जोडून मागितली. मला वाटलं, आता येशूचं नाव घेऊन या मोकळ्या होतील.

"वेळ लागन मले," यमुताई म्हणाल्या. "हे माहं मलेच करा लागन."

काका दाराकडे वळले.

"कुठं चालले? दिवस बुडायच्या आत जेवा लागते ना तुमाले? बसा," त्या म्हणाल्या, आणि वरण-भात वाढायला उठल्या.