दादाचं मत

२००४ साली दादाने अमेरिकेचा नागरिक म्हणून पहिल्यांदा मतदान केलं. मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो आणि आईबरोबर राहत होतो. दर रविवारी सकाळी दादाचा फोन यायचा. त्या रविवारी अध्यक्ष कोण झाला ते सांगून तो म्हणाला, "आमच्या राज्यात आणखी एक प्रश्न होता मतपत्रिकेवर. पुरुषाचं पुरुषाशी लग्न. मी बंदीच्या बाजूने दिलं."

"का?"

"का म्हणजे? माझी मुलं शाळेत जातात इथे."

आई शेजारीच मेथी निवडत होती. मी फोन तिच्याकडे दिला.

मनमाडला रेल्वेत माझा एक मित्र होता. आम्ही दोघं काय होतो एकमेकांचे, ते आमच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. इथे तर असं नातं कायद्यानेच गुन्हा होतं. दादाच्या मताचं सांगितल्यावर मित्र म्हणाला, "एवढ्या लांबच्या मतदानाचं काय मनाला लावून घेतोस?"

पण मत देणारा लांबचा नव्हता. मला सायकल त्यानेच शिकवली होती. पंधरा दिवस तगमग झाली, मग सायबर कॅफेत बसून मी दादाला लिहिलं : तू ज्यांच्या विरोधात मत दिलंस, त्यांच्यातलाच मी एक आहे.

उत्तर दोन ओळींचं आलं. आईला सांगू नकोस. इकडे चांगले डॉक्टर आहेत, मी चौकशी करतो.

पुढच्या जुलैत तो बायकोमुलांना घेऊन आला. आधीच्या खेपेला मी दोन्ही मुलांना मोटारसायकलवरून सोमेश्वरच्या धबधब्यावर नेलं होतं. या वेळी मुलं बूट घालून तयार झाली, तर दादा म्हणाला, "थांब, मीही येतो. रिक्षा करू." रिक्षात तो मुलांच्या आणि माझ्या मध्ये बसला.

मुलं कणीस खात होती तेव्हा मी विचारलं, "तुला माझी भीती वाटते?"

"तसं नाही रे," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "पण बाप झालं की जपावं लागतं."

परतताना मी रिक्षावाल्याशेजारी बसलो.

त्याच आठवड्यात आईने नांदगावचं एक स्थळ काढलं. मी म्हणालो, "मी लग्न करणार नाही. का, ते दादाला विचार."

आईने दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, "त्याला आधी नोकरीत जम बसवायचाय, आई. आत्ता नको त्याच्या मागे लागूस."

हे खोटं त्याने माझ्यासाठी सांगितलं की स्वतःसाठी, ते मला अजून कळलेलं नाही. आईने तो विषय पुन्हा काढला नाही. दादाचा फोन हळूहळू महिन्यातून एकदा येऊ लागला. आता तो आईच्या ब्लडप्रेशरबद्दल विचारतो, मी आकडे सांगतो.