काकांचा बाराचा शो

मोहनकाका खोटं सांगायचे. आणि ते चारचौघांत उघडं पाडणारी मी.

आज त्यांची तेरवी झाली. घरी येऊन साडीसुद्धा न बदलता हे लिहायला बसलेय.

जे त्यांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: काका शंकर नगरात आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. रेल्वेतून रिटायर. ते माझे सख्खे काका नव्हेत, पण रायपुरात मराठी माणसाला नातं जोडायला दोन मिनिटं पुरतात.

आता आपल्याकडे मराठी सिनेमा लागतो कुठे? लागलाच तर आठवड्यात एक शो, तोही माणसं जमली नाहीत म्हणून कॅन्सल.

म्हणून काका सिनेमा पाहायला नागपूरला जायचे. पहाटेची गाडी, बाराचा शो, तीनच्या गाडीने परत.

काकू वैतागायच्या. "लोक रेल्वेच्या पासवर तिरुपतीले जातात. आमच्या यायले नागपूरचं टॉकीज दिसते."

मग रविवारी दुपारी, त्यांच्या पुढच्या खोलीत, काका आम्हा सात-आठ जणांना सिनेमा सांगायचे.

स्टोरी नाही हं. अख्खा सिनेमा.

हिरोइन दारात उभी राहिली की काका उठून दारात उभे राहायचे, खांद्यावरच्या टॉवेलचा पदर करून. मधलं म्युझिकसुद्धा तोंडानेच.

इंटरव्हलला पोहे. शेवट झाला की चहा, आणि चहाबरोबर आमची भांडणं.

"तिने त्याला एवढ्या लवकर माफ करायला नको होतं," मी.

"सेकंड हाफ थोड़ा स्लो था, काका," माझा भाऊ नितीन. त्याला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीतच.

आमच्यापैकी एकानेही तो सिनेमा पाहिलेला नसायचा. तरी आम्ही तावातावाने बोलायचो, आणि काका स्वतः डायरेक्टर असल्यासारखे ऐकून घ्यायचे.

"हव, थोडा कापता आला असता," म्हणायचे.

त्यातला एक सिनेमा एका शिंप्याचा होता. मुलगी बापाशी भांडून पुण्याला निघून गेलेली. काकांनी सांगितलं, शेवटी ती येते, मशीनवर बसते आणि बापाचं अर्धं राहिलेलं ब्लाऊज शिवून पूर्ण करते.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाच भांडी वाजवत बसल्या. मी तर आठवडाभर ऑफिसात त्या सिनेमाचं कौतुक करत होते.

काही महिन्यांनी तो मोबाईलवर आला. मी पाहिला.

मुलगी येतच नाही. दुकानाला कुलूप लागतं आणि सिनेमा संपतो.

मी हात धुऊन मागे लागले. काकांनी सांगितलेले आणखी दोन शोधून पाहिले. शेवटच्या पंधरा मिनिटांपर्यंत सगळं तंतोतंत. शेवट दोन्हींचे वेगळे.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, ती मुलगी परत येतच नाही. तुम्ही सिनेमा पाहता तरी का?"

हसत म्हणाले होते. खरं सांगायचं तर स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

काकांनी हातातली बशी खाली ठेवली.

"तीनची गाडी असते न पोरी. पंधरा-वीस मिनिटं आधी उठा लागते. उरलेलं मग गाडीत बसून जुळवतो. कधी गोंदियापर्यंत जुळते, कधी दुर्ग येते."

कोणीच हसलं नाही.

घरी येताना नितीन म्हणाला, "दीदी, हम सबको पता था. उनका वाला ही अच्छा था. तुमको क्या ज़रूरत थी बोलने की?"

दुसऱ्या दिवशी मी एकटी माफी मागायला गेले. तर तेच मला विचारतात, "तुले राग नाही आला न माझा?"

पण सिनेमा सांगणं बंद झालं ते झालंच. कोणी आग्रह केला की म्हणायचे, "आता सगळे मोबाईलवर पाहून राहिले. मी काहून सांगू?"

रविवार चालू राहिले. चहा, पोहे, भाजीचे भाव. मग मीच टाळायला लागले. मला त्या खोलीत बसवत नव्हतं.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. "वर्षा, रविवारी ये. नवीन पाहून आलो."

मी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर नव्या रायपुरात पिक्चरची तिकिटं काढली होती. म्हटलं, "पुढच्या रविवारी नक्की येते काका."

"हव, ये आरामात."

मैत्रिणींबरोबरचा तो पिक्चर मला आज आठवतही नाही. पुढच्या रविवारी काका आयसीयूत होते.

आज पंगती उठल्यावर काकूंनी मला आत बोलावलं.

"तो नवीन सिनेमा पाहाले गेले त्या दिवशी यायनं मुद्दाम तीनची गाडी सोडली. आखरीपर्यंत सिनेमा पाहिला आणि दुसऱ्या गाडीसाठी चार घंटे स्टेशनावर बसून राहिले. मी म्हटलं, गुडघे दुखून राहिले तर काहून बसले? तर म्हणे, वर्षाले खरा शेवट सांगाचा आहे."

मी विचारलं, "मग त्या रविवारी सांगितला?"

"सगळे बसले होते. म्हणे, वर्षा नाही आली. पुढच्या रविवारी सांगतो."

काकू रडल्या नाहीत. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि मला ते जास्त लागलं.

मघाशी नितीनने त्या सिनेमाची लिंक पाठवलीय. "देख लो दीदी," म्हणतो.

नाही पाहणार.

काका, दुखऱ्या गुडघ्यांनी तुम्ही तो शेवट माझ्यासाठी पाहिलात. मला खरा शेवट नकोच होता. तुम्ही दारात उभं राहून जो सांगाल तो हवा होता, आणि एवढं एक वाक्य मला वेळेवर बोलता आलं नाही.

मी त्या रविवारी यायला हवं होतं.

पाया पडते, काका.

वर्षा