सगळ्यात शांत हेल्मेट

आमच्या घरातलं पहिलं हेल्मेट तत्त्वांच्या आधारावर निवडलं गेलं, डोक्याच्या मापावर नाही.

तत्त्वं माझी होती, डोकं बाबांचं.

बाबांची मिल बंद पडून बरेच महिने झाले होते. इंदूरच्या मिलचे भोंगे एकेक करून गप्प झाले होते, आणि तिकडे पीथमपूरला रोज नवीन कारखान्याची पाटी लागत होती. त्यातल्या एकाने बाबांना सांगितलं, सोमवारपासून या. पहिल्या पाळीला पोचवेल अशी बस नव्हती, म्हणून मामाने आपली जुनी मोटरसायकल दिली. कारखान्याच्या अटी दोनच: हेल्मेट नसेल तर गेटच्या आत गाडी नाही, आणि उशीर झाला तर नोकरी नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि पत्रकं लिहायचे. (वाचायचं कोण, हा प्रश्न त्या काळात मला पडत नसे.) मी बाणेदारपणे म्हणाले, "ही नवी गुलामी आहे!"

आई म्हणाली, "गुलामीचं नंतर बघ. आधी डबा कोणता द्यायचा ते सांग, दोन कप्प्यांचा की तीन?"

माझं सगळ्यात ताजं पत्रक होतं "शांतता: कामगाराचा हक्क". बाबांनी उभं आयुष्य विणकाम खात्यात मागांच्या खडखडाटात काढलं होतं. तिथे शेजारच्याशी बोलायचं ते हातांनी. दोन बोटं जोडून फटकन वेगळी केली की अर्थ, "धागा तुटला". घरीसुद्धा वरणात मीठ कमी पडलं की बाबा तीच दोन बोटं वर करायचे. तेव्हा मी ठरवलं, या माणसाच्या कानांना आता न्याय मिळालाच पाहिजे!

जुनी इंदूर भागातल्या दुकानात शिरताच मी विचारलं, "भैयाजी, सबसे शांत हेल्मेट कौन सा है?"

"दीदी, सब शांत हैं. हेल्मेट बोलता थोड़ी है!"

बाबांनी एक उघड्या तोंडाचं, हलकंसं हेल्मेट डोक्यावर घातलं. मापात अगदी चपखल. खूश होऊन म्हणाले, "बेटा, हे एकदम ठीक आहे. यात रस्ता पण ऐकू येतो."

"तेच तर नकोय ना, बाबा! तुमच्या कानांवर आयुष्यभर अत्याचार झालाय!"

दुकानदार घाबरला. "अरे! किसने किया?"

"व्यवस्थेने!"

"कौन सी गली में रहता है?"

मी त्याच्या अज्ञानाकडे दुर्लक्ष केलं. शेवटी त्याने वरच्या फळीवरून एक हेल्मेट उतरवलं. आख्खा चेहरा झाकणारं, आत गादीसारखा फोम, काळी काच. बाबांचं डोकं लहान, त्यामुळे ते आत नुसतं फिरत होतं. पण शांततेची कसोटी महत्त्वाची! मी बाबांसमोर उभी राहून, मूठ वळून, पूर्ण ताकदीने ओरडले, "कामगार एकजुटीचा..."

रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीतरी सवयीने "विजय असो!" म्हटलं. बाबांनी काच वर करून विचारलं, "काही म्हणालीस का?"

"हेच पॅक करा!" मी म्हणाले.

रविवारी सकाळी चाचणी. अन्नपूर्णा मंदिरापर्यंत जायचं आणि यायचं. बाबा पुढे, मी मागे. आईने दारातून हात केला. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो आणि बाबांनी करकचून ब्रेक मारला. माझं नाक त्या शांत हेल्मेटवर आपटलं.

"काय झालं?"

काच वर. "बंद पडली."

"बाबा, चालू आहे!" गाडी खाली धडधडतच होती.

"हो का? बरं."

पुढच्या वळणावर पुन्हा ब्रेक. पुन्हा नाक. "आता मात्र बंद पडली."

"चालू आहे, बाबा!"

त्याच क्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं. ज्या माणसाने जन्मभर एकच गोष्ट अंगात मुरवली की आवाज थांबला म्हणजे माग थांबला, म्हणजे धागा तुटला, म्हणजे सगळं सोडून आधी तो बघायचा, त्या माणसाच्या कानावर मी फोमची गादी बांधली होती. पण मी तेव्हा मागे बसून नाक चोळत होते.

तिसऱ्यांदा बाबांनी मला विचारलंच नाही. रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली, टाकीवरून पाय काढून उतरले, आणि मरून पडलेल्या गाडीचा क्लच जसा बेफिकीर सोडतात तसा सोडून दिला. गाडी मरून पडलेली नव्हती. ती गिअरमध्ये होती!

गाडीने उडी घेतली. मी तिच्यावर, बाबा हँडलला लटकलेले. शेजारीच एका रजईवाल्याने ताज्या पिंजलेल्या कापसाचा ढीग लावला होता. मी त्यात नाकापर्यंत बुडाले. बाबा मात्र ढिगाच्या पलीकडे गेले आणि त्यांचं डोकं दुकानाच्या दगडी पायरीवर आपटलं. टक्!

मी कापूस थुंकत धावले. "बाबा! बाबा, ऐकू येतंय का?"

काळ्या काचेतून काही दिसत नव्हतं.

"बाबा, बोला ना!"

बाबा हलेनात. माझी सगळी तत्त्वं कापसातच राहिली. मी भर रस्त्यात गळा काढला. त्या हेल्मेटमधून माझी घोषणा ऐकू येत नव्हती, तर रडणं काय येणार, हेसुद्धा मला सुचलं नाही.

तेवढ्यात बाबांचा हात सावकाश वर आला. दोन बोटं जुळली. फटकन वेगळी झाली.

धागा तुटला!

मी रडता रडता इतकी हसले की रजईवाल्याला वाटलं, आपटलंय ते माझंच डोकं. हेल्मेटवर एक लांब ओरखडा होता, बाबांना तेवढाही नाही. रजईवाला कमरेवर हात ठेवून म्हणाला, "भिया, रजाई भरवानी थी तो बोल देते. खुद काहे को घुस गए?"

घरी येऊन बाबांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. "मी नाही जात उद्या."

"अहो, असं काय?" आई म्हणाली.

"आत एकदम सन्नाटा होतो. मिल बंद पडली त्या दिवशी झाला होता ना, तसा."

मी पत्रकात शांततेवर चार पानं लिहिली होती. त्यात हे वाक्य कुठेच नव्हतं.

आईला मात्र हे ठाऊक होतं. मिल बंद पडल्यापासून बाबांना शांततेत झोप लागत नसे, म्हणून त्यांचा डोळा लागेपर्यंत ती शिलाई मशीन दोरा न लावता नुसतं चालवत बसायची. तिने हेल्मेट उचललं, आत हात घालून पाहिलं आणि म्हणाली, "एवढं सैल? कोणी पसंत केलं हे?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"मीनू, पलंगाखालचा तुझा गठ्ठा काढ. उंदीर पण वाचत नाहीत ते."

आईने "शांतता: कामगाराचा हक्क"च्या प्रती चुरगाळून कानांच्या बाजूला कोंबल्या. हेल्मेट घट्ट बसलं. बाबांनी अंगणात गाडी सुरू केली. गाडी थरथरली, आणि आतला कागद खडखड वाजायला लागला. बाबांनी बंद केली, कागद गप्प. पुन्हा सुरू केली, खडखड, खडखड!

काच वर झाली. आत बाबा हसत होते. "चालू झाली!"

सोमवारी ते वेळेच्या आधी गेटवर पोचले. संध्याकाळी कोपऱ्यावर गाडी दिसेपर्यंत मी आणि आई दारातच उभ्या होतो. वाटेत एकदाही थांबलो नाही, म्हणाले, आणि आईने पहिल्यांदा डब्याचं विचारायच्या आधी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

माझ्या पत्रकांनी पुढे एकही मिल सुरू केली नाही. पण माझ्या लेखनाला एक तरी नियमित मागणी आली, हे मी आजही अभिमानाने सांगते. पावसाळ्यानंतर बाबा हेल्मेट काखेत धरून माझ्या टेबलाशी आले आणि अदबीने म्हणाले, "बेटा, नवीन पत्रक कधी काढतेस? हे अगदी मऊ पडलंय, वाजतच नाही."

मी पेन उचललं.

"आणि या वेळी," जाता जाता बाबा म्हणाले, "कागद जरा जाड घे. लिहिलं नाहीस तरी चालेल."