न भाजलेलं खोबरं

आमच्या सासरी खोबरं भाजल्याशिवाय भांड्यात जात नसे. वाळलेल्या खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर धरायची, कड पेटली की फुंकर मारायची, काळी झाली की भाजलेल्या कांद्याबरोबर पाट्यावर वाटायची. शेवभाजी तशीच, वांग्याची भाजी तशीच. ओला नारळ देवाचा. तो मारुतीपुढे फोडायचा, तुकडे साखरेबरोबर वाटायचे, की झालं. त्याचं दूध काढून भाजी करतात असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि तरी नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत, सावद्याजवळच्या आमच्या त्या केळीच्या गावात, मी दर शनिवारी थायलंडची भाजी करत होते आणि सासूबाई ती नाक मुरडत खात होत्या.

त्याचं मूळ नणंदेच्या लग्नात. मुलगा आमच्यातलाच, भुसावळला त्याच्या मावशीकडे शिकलेला, थायलंडमध्ये धाग्याच्या कारखान्यात इंजिनियर. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मुलगा पाहिला आणि तिथेच होकार दिला. घरात पेढे आले. सासूबाईंनी पेढा हातात घेतला आणि तसाच परत ताटात ठेवला.

कारण नाशिक. नणंद बारावी झाली तेव्हा तिला नाशिकला हॉस्टेलवर ठेवली होती. पोरगी हुशार, पण जिभेची भारी चोखंदळ. तिला मेसचं जेवण जाईना. भाजीत गूळ, वरणात गूळ, पोळी गारढोण. दिवाळीला आबा आणायला गेले तर ओळखू येईना, हाडांचा सापळा. जळगावला सलाईन लावावं लागलं. परत काही ती गेली नाही, शिक्षण तिथेच संपलं. तेव्हापासून आमच्या घरात 'नाशिक होणं' हा शब्दच पडला. एखादं वासरू चारा खाईना, तरी गडी म्हणायचा, याचं नाशिक झालं.

सासूबाई म्हणाल्या, "नाशिकहून घरी आणता आली. तठून कोन आनीन? आन् लग्न झालेली पोर अशी परत येते का?"

आबा शेतावर निघून गेले. अशा वेळी ते नेहमी शेतावरच जातात.

मग सासूबाईंनीच मार्ग काढला. तिकडे जे खातात ते इथेच शिकवायचं आणि लग्नाआधी पोरीच्या जिभेला सवय लावायची. शिकवायचं कोणी? मी. मी धुळ्याची, म्हणजे सासूबाईंच्या हिशेबात अर्धी परदेशीच. धुळ्याला काय थायलंडची खानावळ होती? पण घरात काही नवं, अडचणीचं आलं की ते माझ्या गळ्यात. मिक्सर आला तेव्हाही असंच झालं होतं.

साखरपुड्यानंतर, लग्नाच्या सुट्टीवर आलेला मुलगा एकदा जेवायला आला, तेव्हा मी त्याला सरळ स्वयंपाकघरात पाटावर बसवला आणि विचारलं, "तिकडे लोक जेवतात काय, ते नीट सांगा." पोरगा साधा होता. लाजत लाजत सांगायला लागला. कच्च्या पपईचा किस मिरची, लसूण आणि शेंगदाण्यांबरोबर खलबत्त्यात ठेचतात. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पण सासूबाईंनी तिथेच हात वर केला. लग्न ठरलेल्या पोरीला कच्ची पपई? व माय! पपई बाद झाली. मग माशाचं पाणी घालतात म्हणाला. ते सासूबाईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

उरली एक भाजी. नारळाचं दूध, त्यात हिरव्या मिरचीचं वाटण, गवती चहाचा बुडखा, लिंबाची पानं आणि वांगी.

"वांगी भेटतात तठी?" सासूबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

"हो, भेटतात ना. हिरवी. पण सुपारीएवढी."

"हिरवी?" आमच्याकडची भरताची वांगी हिरवीच. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. त्या दिवशी त्यांनी जावयाला आग्रह करून तीन वाट्या खीर खायला लावली.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. ओला नारळ घरात नव्हता, म्हणून वाळलेलंच खोबरं कोमट पाण्यात भिजवून वाटावं असा विचार केला. सासूबाई म्हणाल्या, खोबऱ्याचं मी बघते. मी परसात गवती चहा कापायला गेले आणि परत येते तो घरभर खरपूस वास! वाटी काळीभोर करून, कांद्यासकट वाटून ठेवलेली.

"अहो आई, हे भाजायचं नव्हतं!"

"मंग? कच्चंच खाता का तुम्ही धुळ्याले?"

हात टेकले. त्याच वाटणात हिरवं वाटण घातलं, वांगी घातली, वरून गवती चहा. भाजी झाली काळी. पण झाली फक्कड. नणंदेनं दोन भाकरी चुरून खाल्ल्या आणि म्हणाली, "वहिनी, हेच जर तिकडे खातात तर मी आजच निघते." घरात सगळे हसले. सासूबाई तर एवढ्या खूश की त्यांनी डब्यात भरून गड्याबरोबर भुसावळला जावयाकडे पाठवली.

जावयाचा निरोप आला. भाजी छान होती, पण ती ही नव्हे. ती हिरवट पांढरी असते. खोबरं भाजत नाहीत.

शनिवारी आबांनी मारुतीपुढे नारळ फोडला. प्रसाद वाटून उरलेली वाटी मी मागून घेतली. सासूबाई कुरकुरल्या, "परसादाच्या खोबऱ्याले लसून लावशीन?" पण गरज त्यांचीच होती. मी खोबरं किसलं, वाटलं, फडक्यातून दूध पिळलं. तेवढ्यात सासूबाई ओटीत पाला घेऊन आल्या. बघते तो कडुनिंबाच्या डहाळ्या! आमच्याकडे लिंब म्हणजे कडुनिंब. जावयानं लिंबाची पानं सांगितली होती, त्यांनी लिंबाचीच आणली. मी बघितलं म्हणून बरं, नाहीतर गुढीपाडवाच झाला असता. त्यांना म्हटलं, "आई, लिंबाची नाही, लिंबूची!" तर म्हणतात, मंग नीट सांगायला काय होतं त्याले, इंजिनियर आहे ना.

भाजी झाली. हिरवट पांढरी, पातळ, वास गवती चहाचा. मी चमचाभर तोंडात टाकली आणि खरं सांगते, मला आवडली. गोडसर, तिखट, मऊ. पण माझ्या आवडीला विचारतो कोण? सासूबाईंनी बोट बुडवून चाटलं आणि म्हणाल्या, "तापल्या दुधात मिरच्या टाकल्यावानी लागते." नणंदेनं एक घास घेतला. तो बराच वेळ तोंडात धरला, गिळला आणि ताट सरकवलं. "वहिनी, मला हे नाही जाणार."

सासूबाई उठून गोठ्यात गेल्या. म्हशीला चारा टाकायचं निमित्त. मी मागून गेले तर पदर डोळ्याला. "हिचं नाशिक व्हईन पाह्य," एवढंच बोलल्या. मला त्यांचा त्या घडीला राग आला, आणि दयाही आली. मीही माहेर सोडून आलेलीच होते. पण माझं माहेर एसटीनं गाठता यायचं.

लग्न होईपर्यंत मी नणंदेकडून ती पांढरी भाजी करवून घेतली. करायला शिकली, खायला नाही. लग्न झालं. जायच्या वेळी सासूबाईंनी तिच्या पेटीत काळा मसाला, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ आणि वाळक्या खोबऱ्याच्या वाट्या कोंबल्या. मी म्हटलं, "अहो आई, तिथं नारळाची झाडंच झाडं आहेत." तर म्हणाल्या, "राहू दे व, काय ओझं होते." पेटी बंद होईना, तेव्हा आबांना तिच्यावर बसवलं.

तिचा पहिला फोन सावद्याच्या बूथवर आला. आम्ही आधीच जाऊन बसलो होतो. सासूबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि सुखरूप पोचली का, घर कसं आहे, काही विचारलं नाही. "जेवली का? काय जेवली?"

पलीकडून खरखर. मग नणंदेचा आवाज: "जेवले, माय. तीच भाजी केली."

"तीच? खाल्ली?"

"खाल्ली. रोज तीच करते."

सासूबाईंनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बाकड्यावर बसून राहिल्या.

त्या शनिवारी प्रसादाची वाटी त्यांनी स्वतःच माझ्यापुढे आणून ठेवली. "ते पोरीचं कर."

मला वाटलं, घरातल्या मुलांसाठी करायला सांगताहेत. भाजी झाली तर स्वतः ताट घेऊन बसल्या. एक घास, पाण्याचा घोट, एक घास, पाण्याचा घोट. तोंड एवढं वाकडं की हसू दाबता येईना. ताट मात्र स्वच्छ केलं. मी विचारलं, "आवडली का?" "आवडायचं काय त्यात," म्हणाल्या आणि उठल्या.

मग दर शनिवारी तेच. मला किसायचं, वाटायचं, पिळायचं काम. लाइट असली तर मिक्सर, नाहीतर पाटा. आणि आमच्याकडे लाइट असायची कधी? एकदा मी वैतागून म्हटलं, आज भाजते खोबरं, तुम्हालाही गोड लागेल, माझीही सुटका. निखाऱ्यावर वाटी धरली न धरली तोच ओट्यावरून आवाज: "भाजू नको! ती काय तठी भाजून राहिली का?" मी वाटी काढली. धुसफुसत पिळलं दूध. शेजारच्या चुलत जावेला म्हटलंसुद्धा, या बाईचं डोकं फिरलंय. पण मला कळत होतं काय चाललंय ते. पोरगी जे खाते ते आपल्यालाही गिळता आलं, म्हणजे ती जगेल, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यात मी कशी मोडता घालणार?

फोन येत राहिले. "तीच भाजी करते का?" "हो माय, तीच." बास, एवढ्यावर सासूबाईंचा महिना निघायचा.

दोन वर्षांनी, थंडीत, नणंद पहिल्यांदा माहेरी आली. भुसावळ स्टेशनवर गाडीतून उतरली ती चांगली अंगानं भरलेली, गालावर तेज. सासूबाईंनी तिचे दंड चाचपून पाहिले, अगदी बाजारात म्हैस पाहतात तसे, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाह्य, नारळाचं दूध!" मला त्या क्षणी एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! नाशिक झालं नव्हतं.

तिच्यासाठी मी भरीत करणार होते, कळण्याची भाकरी, पातीचा कांदा, सगळा बेत ठरलेला. सासूबाई म्हणाल्या, भरीत उद्या. तिले आता त्याची सवय झाली, आज तिचंच कर. नारळ मुद्दाम आणला. प्रसादाचा नव्हता, म्हणून लसूणही त्या दिवशी भरपूर घालू दिला.

नणंद जेवायला बसली. वाटीतली पांढरी भाजी पाहून जरा गोंधळली. एक घास घेतला आणि थांबली.

"वहिनी, खोबरं भाजायचं विसरलात का?"

मी म्हटलं, "भाजायचं नसतं ना? तुझ्या नवऱ्यानंच सांगितलेलं."

"अहो, ती पांढरी? ती मी गेल्या गेल्या एकदा केली. ताटावर बसून रडले नुसती. मग मायनं दिलेली खोबऱ्याची वाटी काढली आणि गॅसवर धरली. घरात आपला वास आला, तेव्हा कुठं जेवले. तेव्हापासून काळीच करते. यांना पण आता तीच लागते."

"मंग फोनवर तीच भाजी, तीच भाजी म्हनत व्हती ते?" सासूबाईंनी विचारलं.

"तीच की. तू केली होती ती."

सासूबाईंच्या हातात भाकरी होती, ती तशीच राहिली. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. "दोन वर्षं!" मी म्हटलं. "दर शनिवारी तुझी आई ही पांढरी खातेय. पाण्याच्या घोटाबरोबर. मला एकदा खोबरं भाजू दिलं नाही!"

नणंद आईकडे बघत राहिली. "कशाला गं माय? तुला तर ही जात नाही."

"तू खाऊन राहिली असशीन, म्हनून," सासूबाई म्हणाल्या. मग लगेच उठायला लागल्या. "दे ती वाटी. तुले काळी करून देते."

नणंदेनं वाटी दिली नाही. डाव्या हातानं धरून ठेवली, भाकरी मोडली आणि खायला लागली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तिखट लागलं म्हणाली. मिरची त्या दिवशी काही फार नव्हती. वाटी संपली तशी तिनं पातेलं पुढे ओढलं. सासूबाई पुन्हा खाली बसल्या आणि प्रत्येक घास तिच्या तोंडात जाईपर्यंत बघत राहिल्या.

पातेल्यात माझ्यापुरती काही उरली नाही. मी चुलीवर आणखी एक भाकरी टाकली, तिला.